डेंटिस्टच्या मापाची गाडी

आमच्या घरात तयार वस्तू सुखाने नांदत नाही. गेल्या वर्षी मी बाजारातून एक छत्री आणली. साधी काळी छत्री. आमच्या ह्यांनी ती उघडली, स्वतःच्या डोक्यावर धरली, मग माझ्या डोक्यावर धरली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "खांद्यात कमी आहे." दुसऱ्या दिवशी छत्रीचं कापड उसवून मशीनवर पडलेलं! काड्यासुद्धा कुठूनतरी लांब करून आणल्या. आता ती छत्री उघडून बोळातून गेलं की दोन्हीकडच्या भिंती पुसल्या जातात. मी ती वापरत नाही.

हे शिंपी आहेत. खाली दुकान, वर घर. ह्यांच्या हाताला जादू आहे हे मी भांडणातसुद्धा कबूल करते. माणूस दारातून आत येईपर्यंत ह्यांच्या डोळ्यांनी त्याची छाती, कंबर, बाही मोजून झालेली असते. मी काज-बटणं करते आणि गिऱ्हाइकांचे शिव्याशाप ऐकते, कारण ह्यांना एकच खोड आहे. तारीख. आजवर एकाही माणसाला ह्यांनी खरी तारीख सांगितलेली नाही. दहा दिवसांचं काम असेल तर तोंडातून "मंगळवारी या" एवढंच निघतं. मंगळवारी गिऱ्हाईक आलं की हे आतल्या खोलीत आणि मी काउंटरवर. सव्वीस वर्षं मी ह्यांचे मंगळवार निस्तरते आहे.

मी एकदा विचारलं, "अहो, दहा दिवस लागतील असं सरळ सांगायला काय जातं तुमचं?"

"खरी तारीख सांगितली की गिऱ्हाईक उठून जातं," हे म्हणाले. "एकदा माप दिलं की मग ते कुठे जात नाही. आधी बसवायचं, मग समजवायचं."

हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण ह्यातूनच झालं.

घरात तिसरे आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं बस चालवली. अकरा नंबर, डेपो ते पाण्याची टाकी आणि परत. उंचीने लहान, त्यामुळे सीटवर घडी केलेलं कांबळं ठेवून बसायचे. निवृत्त होऊन युगं लोटली तरी पहाटे उठून दाढी करतात आणि जेवायला बसण्याआधी खुर्चीभोवती एक चक्कर मारून तिचे पाय तपासतात. कधी काही मागत नाहीत. भाजीत मीठ विसरलं तरी मुकाट्याने जेवतील आणि वर "आज हलकं झालं होतं" म्हणतील.

त्या मामंजींनी एकदाच माझ्याजवळ मनातलं सांगितलं. मी बटणं लावत होते, ते दोरा ओवून देत होते. म्हणाले, "सूनबाई, चौतीस वर्षांत माझ्या हातात नवी गाडी कधी आली नाही बघ. दरवेळी दुसऱ्याने पिळून काढलेली. क्लच ढिला, सीट बसकी. एकदा तरी अशी गाडी चालवायची होती, जिचा मीटर पहिल्यांदा माझ्या हाताने हलेल."

त्यात त्यांचं लायसन्स संपत आलेलं. मागच्या वेळी डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आजोबा, ह्या वेळी सही करते, पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका." मामंजींनी कॅलेंडरवर सतरा तारखेभोवती लाल गोल काढून ठेवला होता. त्या सतरा तारखेला तीन महिनेही उरले नव्हते.

मी हे सगळं ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांचे डोळे भरून आले. ह्यांना बापाची माया आहे हो, नाही असं नाही. जुनी गाडी तशीही रस्त्यात बसकण मारत होती. "नवी घेऊ," हे म्हणाले. "आणि बाबांच्या हातानेच पहिल्यांदा चालवू." मी देवाचे आभार मानले. जरा घाईच केली.

शोरूममध्ये आमच्या वाट्याला जो विक्रेता आला त्याचं नाव आम्ही आल्या आल्या ढगळे ठेवलं. त्याच्या अंगावर तयार कोट होता. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, खांदे त्याच्या खांद्यांच्या पुढे चार बोटं जाऊन एकटेच उभे. हे त्याच्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघेनातच.

ढगळे म्हणाला, "दोन मार्ग आहेत. इथे उभी आहे ती घ्या, उद्या घरी न्या. नाहीतर तुमच्या पसंतीची ऑर्डर करा, कारखान्यात बनून येईल."

उभी होती ती गाडी बाहेरून वांग्याच्या रंगाची आणि आतून लिंबाच्या. अगं बाई! मी एकदा डोळे मिटून परत उघडले, तरी तशीच. ढगळेने खालच्या आवाजात खुलासा केला. एका दातांच्या डॉक्टरने हौसेने रंग निवडून ती बनवून घेतली होती. स्वतः बुटका, म्हणून चालकाची सीटसुद्धा खालून पॅकिंग घालून कायमची उंच आणि पुढे करून घेतलेली. गाडी आली, डॉक्टरची बायको बघायला आली, तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोघं निघून गेले. तेव्हापासून गाडी तिथेच.

"म्हणजे दुसऱ्याच्या मापाची," हे म्हणाले. मेलेला उंदीर दाखवावा तसं तोंड केलं. "आम्ही ऑर्डर करणार."

आणि खिशातून टेप काढली.

पुढचा पाऊण तास मी कुठे तोंड लपवू असं झालं होतं. ह्यांनी मला शोरूमच्या खुर्चीत बसवून कंबरेपासून गुडघ्यापर्यंत मोजलं. मग स्वतः बसले आणि ढगळेला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. ह्यांचे पाय बगळ्यासारखे लांब. "लिहून घ्या," हे ढगळेला म्हणाले, "गुडघा ते टाच साडेबावीस. आणि आत दोन इंच दाब सोडायला सांगा. माणसाचं अंग पुढेमागे भरतं. उसवून मोठी करता आली पाहिजे."

"साहेब, गाडी उसवत नाही."

"मग शिवतात कशाला घट्ट? बरं, ट्रायलला कधी बोलावणार? कच्ची असतानाच दाखवा हं. पक्की झाल्यावर तक्रार केली तर तुम्हीच म्हणाल, आधी का नाही बोललात."

ढगळे बिचारा कारखान्यात असं काही होत नाही हे सांगत राहिला आणि हे "तुम्ही विचारून तर बघा" म्हणत राहिले. मग सीटच्या कापडाचे नमुने आले. हे खूश झाले. इथे तरी आपल्या घरचं बोलणं आहे असं त्यांना वाटलं. शिंप्याची रीत असते, कापडाचा एक धागा ओढायचा, पेटवायचा आणि वास घ्यायचा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास, नकली असेल तर काळी गाठ. ह्यांनी शोरूमच्या मधोमध, बारा कोऱ्या गाड्यांच्या साक्षीने, काडी ओढली.

पहारेकरी धावत आला. त्याच्या मागून आणखी एक जण लाल नळकांडं घेऊन आला. हे शांतपणे धूर हुंगत म्हणाले, "नकली आहे. पण वीण बरी आहे."

मी तिथून काढता पाय घेतला आणि मामंजींना शोधायला गेले. मामंजी त्या वांग्यात बसले होते. चालकाच्या जागी, दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ. पाय पुरत होते. समोरच्या काचेतून रस्ता दिसावा तसे ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"कांबळं लागत नाही गं," ते मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात हे आले, हातात ऑर्डरचा कागद. राखाडी रंग, उन्हात निळसर झाक मारणारा. "झालं," हे म्हणाले.

"किती दिवस लागतील?" मामंजींनी विचारलं.

ह्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आठ आठवडे."

मामंजींनी बोटांवर मोजलं. "म्हणजे नऊ तारीख. आठ दिवस हातात राहतात माझ्या. बास झाले." आणि ते त्या लिंबाच्या सीटवरून खाली उतरले.

दुसऱ्या दिवसापासून मामंजींनी सरावाला सुरुवात केली. स्टुलावर बसायचे, हातात माझी परात. पायाशी तीन विटा, क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. वळणावर परात फिरायची, स्टूल करकरायचं. रिव्हर्स घेताना मान मागे वळवायचे आणि तशात स्टूल मागे सरकवायचे, की मी नेमकी चहा घेऊन मागे. तीनदा माझ्या पायावर रिव्हर्स आले. "हॉर्न द्या हो!" म्हटलं तर तोंडाने "पों" करायचे.

जुना खाकी गणवेश पेटीतून बाहेर आला. मी त्याला नवी बटणं लावली. सदरा अंगात ढिला झाला होता, तो मामंजींनी मुलाकडे दिला. ह्यांनी तो एका दिवसात करून दिला. एका दिवसात! मंगळवार न सांगता! मला तेव्हाच संशय यायला हवा होता. ह्यांच्या मनात काहीतरी खुपत असल्याशिवाय काम वेळेवर होत नाही. जेवताना मामंजी "आता तीन आठवडे राहिले" म्हणाले की ह्यांना ठसका लागायचा.

सहा आठवडे झाले आणि दुकानात ढगळेचा फोन आला. मी घेतला.

"वहिनी, आनंदाची बातमी. तुमची गाडी अगदी वेळेवर चालली आहे. बरोबर सांगितल्याप्रमाणे बारा आठवड्यांत हातात."

"आठ," मी म्हणाले.

"बारा, वहिनी. कागदावर आहे. मी साहेबांना तीनदा सांगितलं होतं."

मी फोन ठेवला. हे कात्री चालवत होते. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. माझा पारा चढला. तोंड सुटलं ते थांबेना.

"गिऱ्हाइकांना फसवता ते फसवा! पण जन्मदात्या बापाला शिंप्याचा वायदा दिलात? त्यांना? ते परात फिरवतात रोज, दिसत नाही तुम्हाला?"

"अगं, ऐक तरी," हे पुटपुटले. "बारा म्हटलं असतं तर बाबा म्हणाले असते, ते वांगंच घे. ते कधी मागत नाहीत म्हणून आपण त्यांना दुसऱ्याचं उतरलेलं द्यायचं का? मला त्यांच्यासाठी मापाची हवी होती. आणि मला वाटलं, आपण चार सांगतो आणि दहा घेतो. ते मोठे लोक, ते बारा सांगून आठात देत असतील."

"कुठल्या आनंदात वाटलं तुम्हाला?"

ह्यांनी टेप उगाचच गुंडाळली. आणि तेवढ्यात माझं लक्ष जिन्याकडे गेलं. मामंजी शेवटच्या पायरीवर उभे होते, अंगात खाकी सदरा, हातात परात.

"बारा का," ते म्हणाले. "असू दे. गाडी तर येईल ना. मी मागे बसेन." मग परात त्यांनी माझ्या हातात दिली, आणि जिना चढता चढताच गणवेशाची बटणं काढायला लागले. वरचं एक, मग दुसरं. मी लावलेली बटणं. मला रडू आवरेना.

हे त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून हे दुकान माझ्यावर टाकून रोज शोरूममध्ये जाऊन बसायला लागले. आमच्या बाकावर गिऱ्हाइकं बसतात ना, तसेच. सकाळी जायचे, भिंतीला टेकून बसायचे, कुणी जवळून गेलं की "आमचं झालं का हो?" विचारायचे. पाचव्या दिवशी ढगळेही वैतागला आणि म्हणाला, "साहेब, येत्या मंगळवारी कळवतो."

हे घरी आले ते पांढरेफटक. "मंगळवारी म्हणाला," एवढंच बोलले आणि मशीनवर डोकं टेकून बसले. ह्यांच्याइतकं त्या शब्दाचं वजन कुणाला कळणार? खरं सांगते, मला इतका राग होता तरी आतून गुदगुल्या झाल्या.

पण तारीख थांबते का? चौदा उजाडली. मी पदर खोचला, स्वतः शोरूममध्ये गेले आणि ढगळेला विचारलं, "ते वांगं आहे का अजून?"

"ते कुठे जातंय," तो म्हणाला.

"आमची ऑर्डर सोडून ते घेता येईल?"

"साहेबांची सही लागेल. मी उद्या कागद घेऊन दुकानात येतो. तुमची ऑर्डरची गाडी आली की ती आम्ही इथे उभी करू."

घरी येऊन सांगितलं, तर ह्यांनी मान हलवली ती आडवीच. "दुसऱ्याच्या मापाचं बाबांच्या अंगावर घालणार नाही," हे म्हणाले. रडवेले झालेले, पण हट्ट सुटत नव्हता. सव्वीस वर्षांत मी ह्यांच्यापुढे कधी हात टेकले नव्हते, त्या दिवशी टेकले.

पंधरा तारखेला दुपारी ढगळे आला. कागद, पेन आणि तोच कोट. हे नाही म्हणायला वळले, ढगळेने पेन ह्यांच्या हातात दिलं, आणि ह्यांची नजर त्याच्या बाहीवर गेली. पेन खाली.

"काढा तो," हे म्हणाले.

"साहेब, सही..."

"आधी तो काढा. मला तुमच्याकडे बघवत नाही. बाही आत्ता कमी करून देतो. तोवर हा घाला." आणि त्यांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं.

ह्या कपाटाबद्दल सांगायला हवं. लोक कपडे शिवायला टाकतात आणि न्यायला येत नाहीत, असे कपडे ह्यात असतात. त्यात एक गर्द निळा कोट आहे, अकरा वर्षांचा. एका नवरदेवाने लग्नासाठी शिवायला दिला, दोनदा ट्रायल देऊन गेला आणि मग लग्न मोडलं की काय झालं, तो परत आलाच नाही. हे दर महिन्याच्या एक तारखेला तो कोट काढतात, ब्रश मारतात, आणि "येईल बिचारा" म्हणून परत टांगतात. ह्यांच्या हातचं सगळ्यात चांगलं काम ते. मला तर वाटतं, माझ्यापेक्षा त्या कोटाकडे जास्त प्रेमाने बघतात.

ढगळेने कोट घातला.

खांदा खांद्यावर. बाही मनगटाच्या हाडावर. पाठीवर एक चुणी नाही. हे हातात खडू घेऊन त्याच्याभोवती फिरले. एक चक्कर, दुसरी चक्कर. खडू टेकवायला जागाच सापडेना. कॉलर ओढून बघितली, काखेत बोट घालून बघितलं. ढगळेला गुदगुल्या झाल्या.

"तुमचं माप कधी घेतलं होतं मी?" ह्यांनी विचारलं.

"कधीच नाही, साहेब."

"हात वर करा. बसा. उठा." तो बसला, उठला. कोट त्याच्याबरोबर बसला, उठला.

हे स्टुलावर बसले, मामंजींच्याच. मी गप्प होते. गप्प बसायला मला किती कष्ट पडतात ते माझं मला माहीत. शेवटी मी एवढंच बोलले, "मामंजी त्या वांग्यात बसले होते ना, तेव्हा त्यांना कांबळं लागलं नव्हतं. तुम्ही कापड जाळत होता, म्हणून तुम्ही पाहिलं नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जिन्याकडे. मग कागद ओढला आणि सही ठोकली.

"कधी मिळेल?" ह्यांनी विचारलं.

"परवा सकाळी."

"परवा म्हणजे परवाच ना?" ह्यांनी त्याची बाही धरली. "की आमच्यासारखं परवा?"

"परवाच, साहेब. सतरा तारखेला, नऊ वाजता." ढगळे तो कोट घालूनच गेला. ह्यांनी त्याला तो देऊन टाकला. त्याचा जुना कोट आता कपाटात टांगला आहे. कुणाला बसेल देव जाणे.

सतरा तारखेला मामंजींना सांगितलं, तेव्हा ते सरळ आरशासमोर गेले. दाढी केली. गणवेश चढवला. मी बटणं लावायला पुढे झाले, तर म्हणाले, "नको, ड्रायव्हरची बटणं ड्रायव्हर लावतो."

शोरूममध्ये वांगं पुसून चकचकीत करून ठेवलं होतं. मामंजींनी भोवती चक्कर मारली, चारही टायरांना बुटाने एकेक टोला दिला आणि मग आत वाकून मीटर पाहिला. "चार किलोमीटर? हे कुणी चालवले?"

ढगळे घाबरला. "आजोबा, ट्रकवरून उतरवून आत आणताना..."

मामंजींनी विचार केला. "चालेल. डेपोतून काढायचे धरू."

ते चढून बसले. पाय पुरले, हात पुरले. हे आदल्या दिवशी बसून आठ पदरी उशी शिवून घेऊन आले होते, असावी म्हणून. ती मांडीवर घेऊन हे मागे बसले. मी मामंजींच्या शेजारी. किल्ली फिरली, इंजिन लागलं, आणि गाडी जागची हलेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"बेल," मामंजी म्हणाले.

"कसली बेल?"

"कंडक्टरची बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही. चौतीस वर्षांत हलली नाही."

कर्म माझं! मी पाण्याची स्टीलची बाटली घेतली आणि अंगठीने तिच्यावर वाजवलं. टण टण. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

मला वाटलं होतं, एक फेरी मारून घरी. पण मामंजींनी पहिल्या चौकात गाडी वळवली, आणि मला कळलं आपण कुठे निघालो ते. अकरा नंबर. डेपो ते पाण्याची टाकी. प्रत्येक स्टॉपवर थांबायचं. स्टॉपवर माणसं असोत नसोत, गाडी कडेला घ्यायची, थांबायचं, आरशात बघायचं, मग मी टण टण. मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून थकल्या. मामंजी मान वळवून एवढंच म्हणाले, "घाई असेल तर चालत जा म्हणावं."

भाजीबाजाराच्या स्टॉपवर दोन पिशव्या घेतलेल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, गणवेशाकडे पाहिलं, मागचं दार उघडलं आणि सरळ ह्यांच्या शेजारी येऊन बसल्या. एक पिशवी ह्यांच्या उशीवर ठेवली.

"अकरा नंबर का?" त्यांनी विचारलं.

"अकरा नंबर," मामंजी म्हणाले.

ह्यांनी तोंड उघडलं, मी मागे वळून असे डोळे वटारले की ते मिटलं. आजी चार स्टॉप आमच्याबरोबर आल्या. उतरताना ह्यांना म्हणाल्या, "पिशवी दे रे बाळा," आणि मग मामंजींच्या खिडकीशी वाकून, "आज वेळेवर आलात हो."

मामंजींचे कान लाल झाले. पुढचा एक स्टॉप ते चुकून न थांबताच गेले, आणि लक्षात आल्यावर आख्खी गाडी मागे घेऊन थांबले.

पाण्याच्या टाकीपाशी पोचल्यावर त्यांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि चाकावरून एकदा हात फिरवला. मीटरवर सोळा झाले होते. ते उतरले, किल्ली ह्यांच्यासमोर धरली.

"बाबा, आज दिवसभर लायसन्स आहे तुमचं," हे म्हणाले. "परतही तुम्हीच न्या."

"नको रे. इथे ड्रायव्हर बदलतो. माझी फेरी झाली. पुरेपूर झाली." त्यांनी किल्ली ह्यांच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. "आता तू."

हे चालकाच्या जागी बसायला गेले. अहो, ती सीट डेंटिस्टच्या मापाची! आमच्या ह्यांचे ते साडेबावीस इंची पाय. गुडघे वर आले आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी कानाशी जाऊन भिडले. डोकं छताला. मला हसू आवरेना, मामंजी मागे बसून खो खो हसायला लागले, आणि हे तशा अवघडलेल्या अवस्थेत म्हणाले, "बेल द्या ना."

आमची ऑर्डरची गाडी पुढे शोरूमला आली, बरोबर बाराव्या आठवड्यात, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. ह्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. एका उंच हेडमास्तरांनी ती तिथल्या तिथे घेतली.

वांगं आमच्या दारात आहे. हे रोज तसेच गुडघे कानाशी घेऊन चालवतात. सीट खाली करायला वर्कशॉपमध्ये तासभराचं काम आहे, ढगळे फुकट करून देतो म्हणतो. पण मामंजी रोज सकाळी दाढी झाली की खाली येतात, उभ्या गाडीत जाऊन चालकाच्या जागी दहा मिनिटं बसतात, हात चाकावर, पाय पुरतात, आणि मग मला विचारतात, "अगं, तो सीट कधी खाली करणार आहे? त्याला त्रास होतो."

आणि हे मशीनवरून मान वर न करता म्हणतात, "मंगळवारी करतो, बाबा."

दोन वर्षं झाली. ह्यांच्या ह्या एका मंगळवारचा मला कधीच राग आला नाही.